इमान

लोणी मागं पडेपर्यंत मामा काही बोलले नाहीत. गाडी मी चालवत होते. त्यांच्या मांडीवर बुटाच्या खोक्यात ज्वारीच्या धांड्याचं विमान होतं. सातवीतल्या ज्या मुलानं ते केलं, त्यानं निघताना मामांच्या हातात दिलं होतं. मी दुसरं करीन, म्हणाला. अमरावतीच्या विमान बांधणी स्पर्धेत मी परीक्षक होते आणि मामा उड्डाणाची वेळ मोजायला होते. गणिताचे मास्तर, निवृत्त झाले तरी घड्याळ हातात आलं की खुलतात.

विमानाचा सांगाडा सोललेल्या धांड्याच्या भेंडाचा. कडांना त्याच धांड्याच्या कडक सालीच्या चोया, सांध्यांना बाभळीचा डिंक. पंखावर वर्तमानपत्राचा कागद ताणून लावलेला, उजव्या पंखावर कापसाचे भाव वाचता येत होते. नाकात एक रुपयाचं नाणं.

"तू गुण बदलवले नाईत, थे बेस केलं," मामा म्हणाले.

"बेस कसलं, मामा? पहिला नंबर चुकला."

"पत्रकावर लिहिलं होतं थेच मोजलं ना? मंग चुकला कसा?"

पत्रकावर सफाईला 40 गुण होते, रचनेला 30 आणि उड्डाणाला 30. पहिली आलेली मुलगी बाल्साचं विमान घेऊन आली होती. भाग यंत्रानं कापलेले, खोक्यात आकडे टाकून आलेले. तिचं विमान 11 सेकंद तरंगलं, धांड्याचं 14. तरी तिला 84 आणि त्याला 81.

"सफाई खोक्यातूनच आली होती. ती तिची कशी म्हणायची?"

"अन् थे तुकडे जोडाले थ्या पोरीनं रातभर टाचण्या टोचल्या असतीन, त्याचं काय? बापाजवळ पैसे हायेत हा तिचा गुन्हा हाये का? तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी इकत आणली का घरच्या गोठ्यात वाढवली, कोणी इचारते का? घड्याळ बोलते."

"कारण तिथं जोडी किती पळते एवढाच प्रश्न असतो. आपल्या फलकावर 'विमान बांधणी स्पर्धा' लिहिलं होतं. बांधणी म्हटलं की हात कोणाचा, हे विचारावंच लागतं. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत हुबेहूब प्रतिकृतींचा एफ-फोर-सी नावाचा गट आहे. तिथं मॉडेल मीच बांधलं असं स्पर्धकाला लिहून द्यावं लागतं. एफ-फोर-एच गटात ती अट नाही, दुसऱ्यानं बांधलेलं उडवलं तरी चालतं. त्यांनी दोघांना एकाच रांगेत उभं केलं नाही."

"मंग तुनं काहून केलं? पत्रक तुयंच होतं ना?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पत्रक मीच केलं होतं. सफाईला सर्वांत जास्त गुण ठेवले, कारण सफाई लांबूनही दिसते आणि तिच्यावरून पालक भांडत नाहीत. न्यायासाठी म्हणून केलेल्या पत्रकात मी माझी सोय पाहिली होती.

मूर्तिजापूरकडं जाताना मामांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हा रस्ता पाय. जून 2022 मंदी गिनेसात गेला. 75 किलोमीटर डांबर, 105 तास 33 मिनिटं, न थांबता. पन थे एका पदराचे 75. दुपदरी धरलं तं साडेसदतीस. दोन्ही आकडे खरे. काय मोजाचं थे आंधीच ठरलं होतं म्हणून इक्रम झाला. डांबर थंड झाल्यावर कोणी म्हटलं असतं का आता रुंदीचे गुण धरा, तं चाललं असतं?"

"म्हणजे नियम पाळला तरी निकाल अन्यायाचा, असं एकाच वेळी होऊ शकतं?"

"होते. लय वेळा होते."

"मग मी त्या मुलाचं काही देणं लागते की नाही?"

"लागतं ना. पन थे त्या पोरीच्या खिशातून देऊ नोको."

हे वाक्य मी बराच वेळ मनात घोळवलं. दुपारी शेवटच्या क्षणी माझ्या हातात पेन होतं. रचनेच्या रकान्यात काही गुण वाढवले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि मला पुण्य केल्यासारखं वाटलं असतं. ती मुलगी मात्र आमच्या शब्दावर विसंबून आली होती. सफाईला 40 आहेत हे वाचूनच तिनं पंखाची कड पुन्हा पुन्हा घासली असणार.

मामांना अजून सांगायचं होतं. "अन् निकाल तुनं लावला असं समजू नोको. तुये गुण 60 ते 80 मंदी. दुसऱ्या परीक्षकाचे 40 ते 95. बेरीज केली तं कोण जिंकणार?"

खरंच की. मी सगळ्यांना सांभाळून गुण दिले, म्हणून माझ्या गुणांत फरकच थोडा उरला. ज्यानं हात मोकळा सोडला, त्याच्या आवडीनं क्रम लागला. दोन परीक्षक असले तरी निवाडा जवळजवळ एकाचाच होता, आणि दोघांतली एक मी असूनही मला ते कळलं नव्हतं.

"म्हणून तर मी म्हणते, मुलगाच पहिला होता. उड्डाण तरी घड्याळानं मोजलं होतं. 14 ते 14."

"पोरीचं इमान केव्हा उडलं?"

"सकाळी. नऊला."

"अन् पोराचं साडेअकराले. मैदान तापलं होतं, हवा वर चढत होती. थ्या 14 सेकंदांत ऊन किती अन् पोरगा किती, सांगतं का?"

मी गप्प झाले. रेडिओ ग्लायडरच्या एफ-फाइव्ह-जे स्पर्धांत स्पर्धकांचे गट पाडून एका गटाला एकाच वेळी, एकाच हवेत उडवतात. गटातल्या सर्वांत चांगल्या उड्डाणाला 1000 गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. हे मला ठाऊक होतं. आम्ही मात्र पटावरच्या क्रमानं एकेकाला बोलावलं. माझी मुलाबद्दलची खात्रीही त्या तापलेल्या हवेवरच तरंगत होती. हात कोणाचा हे आम्ही विचारलं नाही आणि हवा कोणती होती तेही धरलं नाही. खरा पहिला कोण, हे आता मला सांगता येणार नाही.

मामा विमानाला इमानच म्हणतात. आमच्याकडं जुनी माणसं तसंच म्हणतात, विचाराचा इचार होतो तसं. आज ते ऐकताना प्रत्येक वेळी मला दुसरं इमान ऐकू येत होतं.

बोरगाव मंजूच्या पुढं चहाला थांबलो. मामांनी खोक्यातून विमान काढलं, पंखांखाली दोन बोटं धरली. ते आडवं, स्थिर राहिलं. त्यांनी नखानं नाकातलं नाणं हलवून पाहिलं. हललं नाही.

"हे इथंच काहून लावलं, थ्याले इचारलं होतं?"

नव्हतं विचारलं. पत्रकात तसा रकाना नव्हता. प्रवेश अर्जावर वडिलांचा नंबर होता. मी तिथूनच फोन लावला. आधी मुलाला सांगितलं की निकाल तोच राहील आणि पत्रक करताना चूक माझी झाली, पुढच्या वर्षी ते वेगळं असेल. तो "हो मॅडम" एवढंच म्हणाला. मग मी नाण्याचं विचारलं, आणि त्याचा आवाज बदलला.

"पयले गारगोटी लावली होती मॅडम. तं इमान खाली मुंडी घाले. मंग पन्नास पैशाचं नाणं लावलं, तं वर चढे, थबके, अन् मांगं पडे. रुपया लावला तवा सरळ गेलं. पन रुपया घसरून रायला होता. मंग डिंकात कापूस मिसळला."