वाघा वगळून

२०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताचं अधिकृत दालन नव्हतं आणि पाकिस्तानचंही नव्हतं. ती उणीव गुजराल फाउंडेशन या कलासंस्थेने स्वतःच्या पद्धतीने भरून काढली. पलात्सो बेन्झोन या कालव्याकाठच्या जुन्या वाड्यात मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा या दोघांचंच ‘माय ईस्ट इज युअर वेस्ट’ हे प्रदर्शन भरलं. भांडणाऱ्या दोन देशांतले कलावंत एका छपराखाली आले की त्यावर दोस्तीचा शिक्का मारायला फार विचार लागत नाही. पण मांडलेल्या कलाकृती पाहिल्या तर तो शिक्का निसटतो, कारण दोघांनीही वाघा सीमेकडे पाठ फिरवली होती.

गुप्तांनी निवडली ती बांगलादेशची सीमा. तिथल्या कुंपणाच्या लांबीशी प्रमाण साधणारं लांबच लांब हातविणीचं कापड, आणि बसून त्यावर रेघा ओढत राहणारा माणूस. या सीमेवर तेव्हा १६२ छिटमहाल होते, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाचे तुकडे. १११ भारताचे, ५१ बांगलादेशाचे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, प्रदर्शन चालू असतानाच, त्यांची अदलाबदल झाली. नकाशा सुटसुटीत झाला. कुंपण होतं तिथेच राहिलं. राणांनी मात्र वाड्यातल्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती लाहोरच्या लिबर्टी मार्केटात उभारली आणि दोन्हींकडचे लोक पडद्यावर थेट समोरासमोर आणले. जमिनीवर कुंपणाच्या तारा वाढतात आणि पडदा सांगतो की अंतर उरलेलंच नाही. आजच्या जगण्यातली ही विसंगती दोघांपैकी कुणा एकाच्या कामातून पुरी कळली नसती.

यावर कुणी म्हणेल, पारपत्रं वेगळी नसती तर या दोघांना एकत्र आणलं असतं का? बहुधा नाही. व्यासपीठ राष्ट्रीयत्वानेच मिळालं होतं, हे मान्य करावं लागतं. पण मिळालेल्या जागेवर अपेक्षित खेळ करायचा की नाही, हे कलावंतच ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सीमेवरच्या गरिबाचं जगणं व्हेनिसच्या श्रीमंत वाड्यात पाहण्याची चीज का व्हावं? गुप्तांच्या कापडाला तो कमी लागू पडतो. तिथे करुण चेहरा नाही, कहाणी नाही. लांबी आणि श्रम एवढंच आहे, त्यामुळे दया दाखवून मोकळं होण्याची सोय प्रेक्षकाला मिळत नाही. राणांची खोली मला तुलनेने कच्ची वाटते, कारण थेट चित्रसंवादाचं अप्रूप तेव्हाच ओसरू लागलं होतं. पण शेजारच्या कापडामुळे तिचा अर्थ बदलतो. लिबर्टी मार्केटातल्या ज्या माणसाला युरोपचा व्हिसा मिळणं अवघड, तो व्हेनिसच्याच खोलीत उभा दिसतो, आणि तरीही लाहोरातच असतो.