अद्भुताचा दोष आणि संशयाची नीती

जे घडू शकत नाही ते घडल्याचे दाखविणारी कलाकृती नैतिकदृष्ट्या दोषी ठरते काय, हा प्रश्न रंजनपर कृतींच्या संदर्भात सहसा उपस्थित केला जात नाही. अद्भुताची रवानगी बालरंजनाच्या किंवा करमणुकीच्या दालनात केली की प्रश्न मिटला, अशी एक सोयीची समजूत असते. परंतु ज्या प्रदेशात ‘करणी’ हा शब्द आरोप म्हणून उच्चारला जातो आणि त्या आरोपापायी माणसांना मार खावा लागतो, तेथे ही समजूत टिकत नाही. चंद्रपूर-गडचिरोली हा असा प्रदेश आहे. आणि महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) ही या प्रश्नाच्या विचारासाठी सोयीची कृती आहे, कारण तिच्यात कलात्मक प्रतिष्ठेची कोणतीही ढाल नाही.

या चित्रपटाचे बीज उसने आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाप्रमाणे येथेही मरणोन्मुख गुन्हेगार मंत्रबळाने आपला आत्मा बाहुल्यात घालतो. मात्र तेथील बाहुला दुकानातले खेळणे आहे. येथील बाहुला शब्दभ्रमकाराचा आहे. रामदास पाध्ये यांनी घडविलेल्या आणि चालविलेल्या या बाहुल्यामागे महाराष्ट्राला परिचित अशी बोलक्या बाहुल्यांची परंपरा उभी आहे. बाहुला बोलतो तेव्हा त्याचा बोलविता धनी शेजारीच बसलेला असतो, हे त्या खेळाचे सर्वमान्य गृहीत. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू बाहुल्यात शिरतो तेव्हा हे गृहीतच उलटते: बोलविता धनी बाहेर उरत नाही. तुटपुंज्या साधनांत मराठी चित्रपटाने साधलेली दृश्यकल्पकता या उलटापालटीत आहे. बाहुल्याचे तुटक चालणे, मानेला बसणारे हिसके, चौकटीच्या खालच्या कडेशी लपविलेला चालक, हे सारे प्रेक्षकाला कळत असते आणि तरीही तो दचकतो.

हे कळत-दचकणे व्हिडिओ कॅसेटच्या माध्यमात अधिकच स्पष्ट होते. बल्लारपूर हे कागद गिरणी, कोळसा खाणी आणि सागवानाचे डेपो यांवर वाढलेले कामगारांचे गाव. अशा गावांतून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणून आळीतल्या मंडळींनी एकत्र चित्रपट पाहणे, ही त्या दशकातील सर्वसाधारण रीत होती. चित्रपटगृहातला अंधार तेथे नसतो. घरातला दिवा चालू असतो, शेरेबाजी चालू असते, आणि मुख्य म्हणजे फीत मागे फिरविता येते. जो चमत्कार पुन्हा पाहता येतो तो तपासताही येतो. हा प्रेक्षक नवखाही नसतो. धानकापणीनंतर वडसा परिसरातून गावोगाव जाणारी झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र पाहून रंगविलेला पडदा आणि खरे रान यांतील भेद त्याने केव्हाच आत्मसात केलेला असतो.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येतो. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याच्या पलीकडे गेले की माणिकगडच्या डोंगरात जिवती तालुका लागतो. तेथील वणी खुर्द या गावी ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्धांसह स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी तात्या विंचू ‘झपाटलेला २’मधून त्रिमितीत परतला होता. मंत्राने आत्मा हलतो असे दाखविणारी कृती आणि मंत्राने माणूस मरतो असे मानणारा जमाव यांच्यात कोणताच संबंध नाही, असे म्हणणे हा केवळ कलावाद्यांचा आत्मसंतोष नव्हे काय?

या आक्षेपाचे अर्धे उत्तर श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायात मिळते. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे म्हणणाऱ्याचे ज्ञान यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशयरूप नसते आणि सादृश्यमूलकही नसते. ते या चारहून वेगळ्या जातीचे असते. बाहुला पाहून दचकणाऱ्याची प्रतीतीही अशीच आहे. वणी खुर्दच्या चौकातली प्रतीती तशी नव्हती. तेथे मिथ्या ज्ञान यथार्थ म्हणून कृतीत उतरले. चौकट नसलेले अद्भुत हे अद्भुतच राहत नाही. तो पुराव्याविना दिलेला निवाडा होतो.

परंतु हे उत्तर अर्धेच आहे. शंकुक प्रतीतीची जात सांगतो. तिची नीती सांगत नाही. चौकटीच्या आत राहूनही एखादी कृती प्रेक्षकाला अन्यायाची सवय लावू शकते. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘हे शक्य आहे काय?’ हा नसून ‘अशक्याचा ठपका कोणावर ठेवला आहे?’ हा आहे. करणीच्या आरोपात आजार किंवा मृत्यू समोर असतो आणि त्याचा अदृश्य बोलविता धनी शोधला जातो. तो नेमका एकट्या म्हातारीत, परजातीच्या शेजाऱ्यात, ज्याच्या बाजूने कोणी बोलणार नाही अशा माणसात सापडतो. ‘झपाटलेला’मध्ये ही रचना उलटी आहे. अपराधी कोण हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. संशय मात्र लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्यावर, म्हणजे गावातल्या भोळ्या माणसावर येतो. तो खरे सांगतो आणि कोणाला ते पटत नाही. दोन तास प्रेक्षक संशयिताच्या बाजूला बसतो. वणी खुर्दच्या चौकात नेमकी हीच जागा रिकामी होती.

तरीही चित्रपट सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. मंत्र देणारा बाबा चमत्कार येथे विनोदी पात्र आहे, आणि तात्याच्या नाशाचा उपाय ठाऊक असलेला माणूसही तोच आहे. विनोदाने त्याचा अधिकार कमी होतो. नाहीसा होत नाही. ज्या गावात करणी कोणी केली हे नाव सांगण्याचा अधिकार मांत्रिकाकडे असतो, तेथे या पात्राकडे पाहून हसणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचा निर्णय बंदीने होणार नाही. तो समीक्षेने करावयाचा आहे.

त्यासाठीची कसोटी मात्र या स्वस्त चित्रपटानेच पुरविली आहे. म्हातारी खरोखरच चेटकीण निघते अशी कथा आणि संशयित भाबडा निघतो अशी कथा, या दोन्ही सारख्याच अशक्य असल्या तरी नैतिकदृष्ट्या समान नाहीत. पहिली जमावाला त्याचा निवाडा खरा ठरल्याचे समाधान देते. दुसरी, तिच्या सर्व उसनेपणासह आणि दिसणाऱ्या जोडकामासह, प्रेक्षकाला हे शिकवून जाते की ज्याच्याकडे सारे बोट दाखवीत आहेत त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.