कट्टा आणि उंबरठा

स्वातंत्र्याविषयीं बोलण्याचा उत्साह ज्या वयांत सर्वांत अधिक असतो, त्याच वयांत माणसाच्या हातीं स्वातंत्र्य फार थोडें असतें. लहान मुलाला तें नसतें, परंतु त्याची उणीव त्यास भासत नाहीं. प्रौढ माणसाला तें असतें, परंतु त्याचा विचार करण्यास त्यास सवड नसते. मधलीं पांचसहा वर्षें मात्र अशीं असतात कीं, मन स्वतःचें झालेलें असतें आणि पोट अजून दुसऱ्याच्या कमाईवर भरत असतें. महाविद्यालयीन जीवन म्हणतात तें हेंच. या काळांत तरुणांच्या ज्या चर्चा चालतात, त्यांकडे वडील माणसें कौतुकानें तरी पाहतात किंवा उपहासानें तरी; गंभीरपणें पाहण्याचा प्रघात आपल्यांत फारसा नाहीं. तो असावा, असें आम्हांस वाटतें.

मुंबईंत या चर्चा ऐकावयाच्या असतील तर माटुंग्यास जावें. १९२३ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाईंच्या नांवाची संस्था, तेथें आली. १९३७ सालीं पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीनें रुइया कॉलेज काढलें. त्याच वर्षीं खालसा कॉलेज निघालें. आणि १९४१ सालीं रुइयाच्या शेजारींच पोदार वाणिज्य महाविद्यालय उभें राहिलें. चालत फिरतां येईल एवढ्या टापूंत साहित्याचे, विज्ञानाचे, व्यापाराचे आणि यंत्रविद्येचे विद्यार्थी असे एकत्र आले, आणि रुइया नाक्यावर कट्टा जमूं लागला. कल्याण-डोंबिवलीकडून लोकलच्या गर्दींत उभा राहून येणारा विद्यार्थी घरीं आईबापांच्या नजरेखालीं असतो, वर्गांत प्राध्यापकांच्या. कट्ट्यावर मात्र त्याचा पालक कोणीच नसतो. मनुष्य आपल्या कृत्यांचा कर्ता आहे कीं परिस्थितीच्या हातचें बाहुलें आहे, येथपासून तों ७५ टक्के हजेरीची सक्ती न्याय्य कीं अन्याय्य, येथपर्यंत सारे प्रश्न तेथें एका कटिंग चहावर निकालांत निघतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभे राहतात.

या दोन प्रश्नांतलें अंतर दिसतें तेवढें मोठें नाहीं. मनुष्य आपल्या कृत्यांचा कर्ता असेल, तर वर्गांत बसावें कीं बसूं नये हें त्याचें त्यानें ठरवावें. आणि तो कर्ता नसेल, तर त्याच्या आळसाबद्दल त्यास शिक्षा तरी कां करावी? मुलें हा धागा बरोबर पकडतात. वडील मंडळी त्यावर दोन आक्षेप घेतात. जो स्वतः मिळवीत नाहीं त्यानें स्वातंत्र्याची भाषा करूं नये, हा पहिला; आणि ज्याला अनुभव नाहीं त्याला निर्णयाचा अधिकार नाहीं, हा दुसरा.

पहिला आक्षेप वाटतो तितका बळकट नाहीं. मिळकत हीच स्वातंत्र्याची सनद मानली, तर जिनें जन्मभर संसार केला आणि कधीं पगार घेतला नाहीं त्या गृहिणीला घरांत मत असूं नये, आणि निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्धानें मुलापुढें तोंड उघडूं नये, असें म्हणावें लागेल. आमच्या वाचकांपैकीं कोणी हें मान्य करील असें वाटत नाहीं. फी भरणाऱ्यास फीचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. मन गहाण ठेवून घेण्याचा नाहीं. शिवाय राज्यघटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीनें १९८९ सालीं मतदानाचें वय २१ वरून १८ वर आलें. देशाचें सरकार निवडण्यास ज्याला आपण पात्र ठरविलें, त्यालाच स्वतःचा अभ्यासविषय निवडण्यास अपात्र म्हणणें, हा तर्क कोणत्याही कट्ट्यावर टिकणार नाहीं.

दुसऱ्या आक्षेपांत अधिक तथ्य आहे. अनुभव नसलेला माणूस चुकतो आणि कांहीं चुका आयुष्यभर पुरतात, हें खोटें नाहीं. परंतु अनुभव यावयाचा कसा? खेड्यांत मुलाला विहिरींत पोहावयास शिकवितात तेव्हां त्याच्या पाठीला भोपळा बांधतात. तो बांधणें शहाणपणाचें आहे. पण सोडावयाचा दिवस कधींच येणार नसेल, तर त्याला पोहणें शिकविणें म्हणत नाहींत. आपल्या घरांतून भोपळा बांधण्याची काळजी मोठी असते. तो सोडण्याची तारीख मात्र कोणी ठरवीत नाहीं. शाळा संपली म्हणजे, पदवी मिळाली म्हणजे, नोकरी लागली म्हणजे, लग्न झालें म्हणजे, अशी ती पुढें पुढें जात राहते.

या वादांत मुलें हमखास जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतात. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत मिलनें असें प्रतिपादिलें कीं, मनुष्याचें स्वतःचें हित हें त्याच्यावर सक्ती करण्यास पुरेसें कारण नव्हे. त्यास समजावावें, विनवावें, परंतु सक्ती करावयाची ती इतरांस इजा होत असेल तरच. याचा पूर्वार्ध कट्ट्यावर फार लोकप्रिय आहे. उत्तरार्ध मात्र अडचणीचा आहे. कारण ज्या घरांत चार माणसें एका पगारावर जगतात, तेथें माझें नुकसान तें माझेंच, असें म्हणतां येईल असे निर्णय थोडे असतात.

ही अडचण आपल्याकडे ज्यानें अंगावर घेतली तो मिलचा अभ्यासक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. डेक्कन कॉलेजांत आगरकर आणि टिळक यांचे जे वाद रंगत, ते जातीनें आजच्या कट्ट्यावरच्या वादांहून निराळे नव्हते. आगरकरांच्या घरीं गरिबी. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आतां मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले पांग फिटतील, अशी आईची आशा. आगरकरांनीं तिला पत्र लिहून कळविलें कीं, उदरनिर्वाहापुरतें मिळालें तरी आपणांस पुरे, पुढचें आयुष्य लोकांच्या कामीं लावावयाचें आहे. तसेंच त्यांनीं केलें. टिळक-चिपळूणकरांनीं १८८० सालीं काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलला ते येऊन मिळाले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद झाले तेव्हां ‘केसरी’ सोडून १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ काढला. आणि १८९५ सालीं, वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते वारले.

या पत्राची थोरवी आपण आगरकरांकडूनच मोजतों. परंतु तें ज्या माउलीच्या हातीं पडलें, तिनेंही त्या निर्णयाची किंमत दिलीच. दुसऱ्या कोणासही ज्याची झळ पोहोंचत नाहीं असें स्वातंत्र्य बहुधा जगांत नाहीं. मग निर्णय घेणाऱ्याकडून मागावयाचें काय? आमच्या मतें दोनच गोष्टी. ज्याला झळ पोहोंचणार त्यास तें आधीं, उघडपणें सांगावें. आणि किमतीचा मोठा वांटा आपण उचलावा. आगरकरांनीं दोन्ही केल्या. हजेरीची सक्ती जुलमी आहे असें चारचौघांत म्हणून, गैरहजर राहून, त्याचे परिणाम भोगणारा विद्यार्थी या कसोटीस उतरतो. तीच सक्ती जुलमी म्हणून मित्राकरवीं ‘प्रॉक्सी’ लावणारा उतरत नाहीं. त्याला स्वातंत्र्य नको आहे, सवलत हवी आहे.

कट्ट्यावर एक प्रश्न मात्र क्वचित् निघतो. संध्याकाळीं सात वाजल्यानंतर तेथें कोण उरतें? एकाच घरांतलीं भाऊ-बहीण, एकाच कॉलेजांत, एकाच गाडीनें येणारीं. भाऊ रात्रीं दहाला घरीं आला तर आई ताट वाढते, बहीण आठाला आली तर वडील दारांत उभे असतात. मुंबईंतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांविषयीं तीन लेखिकांनीं मिळून लिहिलेलें ‘व्हाय लॉइटर?’ हें पुस्तक २०११ सालीं निघालें. पुरुष रस्त्यावर नुसता उभा राहूं शकतो, स्त्रीनें मात्र कांहीं काम असल्याचें दाखवीत राहिलें पाहिजे, हें त्यांत नेमकेपणानें मांडलें आहे. आईबापांची भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रस्ता धोक्याचा असेल तर दुरुस्त करावयाचा तो रस्ता. शिक्षा मात्र जिला धोका आहे तिलाच होते, हें न्यायाचें नव्हे.

या शहरांत विद्यार्थ्यांच्या चर्चेला एक जुनी आणि उज्ज्वल परंपरा आहे. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख मंडळींपैकीं. तेथें निबंध वाचले जात, वाद होत. परंतु स्त्रीशिक्षण हवें एवढें ठरवून ती मंडळी घरीं गेली नाहींत. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभीं विनावेतन स्वतःच शिकविलें. आजच्या कट्ट्यावरील तरुणांना शाळा काढण्याची गरज नाहीं. आपल्या बहिणीच्या वतीनें घरीं एकदां तोंड उघडलें तरी त्यांच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा होऊन जाईल.

आणि परीक्षा केवळ त्यांचीच नाहीं. जो प्रश्न मुलगा किंवा मुलगी कट्ट्यावर मोकळेपणानें विचारते, तो रात्रीं जेवतांना घरींही विचारतां येतो काय, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें स्वतःशीं पडताळून पाहावें. येत नसेल, तर मुलें आईबापांना फसविण्यास शिकतील, आणि आईबाप त्यालाच आज्ञाधारकपणा समजतील. घराला नियम असावेत. घरीं परतण्याची वेळही ठरलेली असावी. मात्र ती ठरवितांना मुलांशीं बोलावें, तिचें कारण त्यांस सांगावें, आणि जी वेळ मुलीला लावली तीच मुलालाही लावून पाहावी. त्या वेळेंत कांहीं जाचक असेल, तर तें घरांतल्या सर्वांच्या एकदम ध्यानांत येईल.