पहिला दिवस कोणता?

तिच्या कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं दोन आकडे लिहिलेले होते. वर सकाळचं दूध, खाली संध्याकाळचं. कुठे फुली, म्हणजे त्या वेळी डेअरीची गाडी आली नाही. महिनाअखेरीस ती त्या आकड्यांची बेरीज करते आणि डेअरीच्या पट्टीशी ताडून बघते. मेढ्याच्या वर, वेण्णेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत २५ ऑगस्ट २०२५ रोजी, गणपतीच्या सारवणाच्या गडबडीत, मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. देवाच्या फोटोमागे ठेवलेला कागद तिनं काढून दिला आणि म्हणाली, “बघा दादा, पण आता त्याचा काय उपयोग? साठ दिवस उलटून गेले म्हणतात.”

कागद तिच्या नवऱ्याच्या भरपाईचा होता. तो मुंबईकडे एका गोदामात पोती उचलायचा. थप्पी अंगावर कोसळली आणि तो गेला. तो टोळीत होता, पण माथाडी मंडळाकडे त्याचं नाव नोंदलेलं नव्हतं. मालकानं हात वर केले, तो आमचा कामगारच नव्हता असं सांगितलं. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी ते मान्य केलं आणि दावा फेटाळला.

जावळी तालुक्यात अशी घरं नवीन नाहीत. इथली जमीन उताराची, पीक पावसाच्या भरवशाचं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गोदामांत आणि बाजारांत ओझी उचलायला गेली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी याच माणसांना एकत्र केलं आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याचं नाव मंडळात लागलं, त्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. ज्याचं लागलं नाही, त्याच्या बायकोला तो कामगार होता हे सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मी वकील नाही. पंचायत समितीत कारकुनी केली, त्यामुळे लोक कागद वाचून घ्यायला येतात. तेवढ्या अनुभवावर सांगतो, भरपाईचं अपील बहुतेक वेळा अपिलाच्या आधीच हरलेलं असतं. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात दावा लावायला अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं होती. दोन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. पण तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, मुकादम “मी बघतो” म्हणत राहतो आणि सुगी येते. मधेच कुणी घरी येऊन काही हजार हातावर टेकवतं आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतं. मृत्यूच्या प्रकरणात असे परस्पर दिलेले पैसे भरपाई धरलेच जात नाहीत. थोडी उचल सोडली तर सगळी रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते, असं कायदा स्वच्छ सांगत होता. घरच्यांना मात्र वाटतं, पैसे घेतले म्हणजे विषय संपला. आयुक्तांचा निर्णय मान्य राहील असं दोन्ही बाजूंनी ठरवलं असेल, तर अपिलाचा रस्ताच बंद होतो. आणि अपील कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावरच चालतं. पगार किती, वय किती, कामावर कुणी ठेवलं, याचे पुरावे खाली द्यायचे राहिले तर उच्च न्यायालयात ते नव्यानं मांडता येत नाहीत.

उरतात अपिलाचे साठ दिवस. मुदत असू नये असं मी म्हणत नाही. निकाल कधीतरी पक्का व्हायलाच हवा, नाहीतर जिंकलेल्या बाईचे पैसेही दहा वर्षं अडकून पडतील. माझं दुखणं वेगळं आहे. जिला लिटर-अर्ध्या लिटरचा हिशेब तोंडपाठ आहे, तिला दिवस मोजता येत नाहीत असं कोण म्हणेल? कुठून मोजायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी कागद उलटा केला. हुकमाच्या नक्कलेच्या शेवटच्या पानामागे एक जांभळा शिक्का असतो. हुकूम वाचणारेसुद्धा तो सहसा बघत नाहीत. त्यात ओळीनं तारखा होत्या, शाई पसरलेली, आकडे हातानं भरलेले: अर्ज २ जुलै, नक्कल तयार २१ जुलै. हुकूम होता १२ जूनचा. हुकमाचा दिवस सोडून मोजलं तर साठावा दिवस ११ ऑगस्टला येत होता. गावातल्या कुणीतरी तेवढंच मोजून तिला घरी बसवलं होतं. पण १९६३च्या मुदत कायद्याच्या बाराव्या कलमानुसार नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. २ ते २१ जुलै, दोन्ही दिवस धरून वीस. तिचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्टला येत होता.

म्हणजे सहा दिवस हातात होते. हुकूम झाल्याच्या दिवशीच नक्कलेचा अर्ज टाकावा असं वकील लोक सांगतात, ते खरंच आहे. पण जी मेढ्याहून साताऱ्याला जायला सकाळची एसटी धरते आणि निकाल ऐकल्यावर न्यायालयाच्या आवारात रडत बसते, तिला नक्कलेच्या खिडकीकडे कोण नेणार?

उशीर झाला तरी सगळं संपत नाही. पुरेसं कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. अशा अर्जांकडे उदारपणे बघावं, मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७मध्ये कातीजी प्रकरणात म्हटलं. तरीही तो आणखी एक अर्ज, आणखी एक फी आणि आणखी काही महिने असतात.

या मुदती दोन्ही बाजूंना सारख्या लागतात का, हेही बघायला हवं. १९२३च्या कायद्यात भरपाई देय झाल्यापासून महिन्यात मालकानं ती दिली नाही, तर बारा टक्के व्याज आणि वर दंडही लागू शकत होता. ही मालकाची मुदत. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असं कलम २०१०पासून होतं. ती व्यवस्थेची मुदत. पण मुदत चुकली म्हणून दार बंद होतं ते फक्त कामगाराचं. व्यवस्था किती वेळ घेते, तेही बघा. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३च्या पहाटे कामावर जाताना अपघातात गेला. २००९मध्ये आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये मंजूर केले, २०११मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिले. बावीस वर्षं. त्या घरानं एका अपिलाची मुदत चुकवली असती, तर या बावीस वर्षांतलं काहीच उरलं नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यात अर्ज फेटाळताना अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे अधिकाऱ्याला लिहून द्यावंच लागतं. रस्त्याच्या खर्चाची माहिती मागणाऱ्याला जे मिळतं, ते नवरा गमावलेल्या बाईला का मिळू नये? भरपाईच्या प्रत्येक हुकमाखाली मराठीत, ठळक अक्षरांत, अपील कुठे करायचं ते आणि त्याची शेवटची तारीख छापावी. कामावर घेतानाच कामगाराला त्याचे भरपाईचे हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवण्याचं कलम २०१७मध्ये आलं होतं. मी विचारलेल्या एकाही हमालानं असा कागद पाहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून १९२३च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, अपिलाचे साठ दिवस मात्र तिथंही तेच आहेत. नवे नियम आणि नमुने करताना ही एक ओळ घालायला फारसा खर्च नाही.

त्या दिवशी एक गोष्ट तिच्या बाजूची होती. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्टला, आठवड्यापूर्वीच सुरू झालं होतं आणि सातारा, सांगली त्याच्याच कक्षेत आले होते. मुंबईला जायची गरज नव्हती. मी तिला सांगितलं, ३१ला रविवार आहे, सोमवारीही चालेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बुधवारी चतुर्थीची सुट्टी आहे, गुरुवारी जा.

तिनं कालनिर्णय खाली घेतला, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि २८च्या चौकोनात, दुधाच्या दोन आकड्यांची जागा सोडून, कोपऱ्यात ‘को’ लिहिलं. मग विचारलं, “सकाळचं दूध घालून निघाले तर गाडी मिळंल ना?”