हौसेची हद्द

आपल्या परसांत काय लावावें, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा, असें आपण सारेच मानतों. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत याला तात्त्विक आधार दिला: ज्या वर्तनाची झळ दुसऱ्यास लागत नाहीं, त्यांत समाजानें हात घालूं नये. हें तत्त्व मीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविलें. माझी परीक्षा मात्र रत्नागिरींतील आमच्या घरामागच्या एका हौदानें घेतली.

हौद जांभ्या दगडाचा, जुना. डास होऊं नयेत म्हणून त्यांत गप्पी मासे सोडले होते. उन्हाळ्यांत पाणी हिरवें होऊं लागलें, तेव्हां एका स्नेह्यांनीं जलपर्णीचीं दोन रोपें दिलीं. उपाय सशास्त्र होता. तरंगत्या वनस्पतींच्या मुळ्या माशांच्या विष्ठेंतून पाण्यांत उतरणारीं द्रव्यें शोषून घेतात. त्यांच्या सावलीमुळें शेवाळास ऊन मिळत नाहीं. मुळ्यांच्या जाळ्यांत पिलांना आसरा मिळतो. शिवाय फुलें जांभळीं आणि फार देखणीं.

परंतु हवा मानवली म्हणजे ही वनस्पति पंधरवड्यांत दुप्पट होते. या हिशेबानें दोन रोपांचीं चार महिन्यांत पांचशें बारा होतील. तिचीं पानें हवेंत असल्यामुळें त्यांतून निघणारा प्राणवायु बहुतेक हवेंतच जातो. आणि पृष्ठभाग झांकला गेला म्हणजे बाहेरचा प्राणवायूही पाण्यांत नीट मिसळत नाहीं. एके सकाळीं मासे वर येऊन तोंडें उघडीत असलेले दिसले. त्यांच्या सुखासाठीं घातलेलें पांघरूणच त्यांचा श्वास कोंडीत होतें. मीं घाईघाईनें अर्ध्याहून अधिक रोपें उपटलीं आणि गडग्यापलीकडच्या वहाळांत फेकून दिलीं.

आषाढांत वहाळ दुथडी वाहिला. दिवाळीच्या सुमारास खालच्या वाडीच्या तळ्यांत तींच जांभळीं फुलें डोलूं लागलीं. वाडीचीं माणसें कमरेइतक्या पाण्यांत उभीं राहून तीं ओढून काढीत होतीं. मी कांठावर उभा होतों. एका म्हाताऱ्या बाईनें विचारलें, "मास्तर, ही पीडा आली तरी कुठून?" मी गप्प राहिलों.

माझा हेतु शुद्ध होता. एवढ्यानें मी मोकळा होतों काय? बंगालची हकीकत अशीच आहे. दक्षिण अमेरिकेंतील ही वनस्पति तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठीं आली. पुढें नद्या तुंबल्या, होड्या अडल्या, भातशेतें बुडालीं, आणि १९३६ सालीं तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तिला आणणारांना ती पुढें काय करील याची कल्पना नव्हती, असें म्हणतां येईल. मला तीही सबब नव्हती. तिची वाढ मीं स्वतःच्या हौदांत डोळ्यांनीं पाहिली होती. फळाची आसक्ति सोडावी, असें आपलें शास्त्र सांगतें. त्याचा अर्थ फळाकडे पाठ फिरवावी असा खास नव्हे.

मिलचें तत्त्व मला आजही मान्य आहे. चूक झाली ती हद्द ओळखण्यांत. गडगा ही मालकीची हद्द. पाण्याला ती ठाऊक नसते. नकोशी झालेली वस्तु आपण 'टाकून' देतों, तेव्हां ती बहुधा कोणाच्या तरी दारीं नेऊन ठेवतों.

दुसऱ्या दिवशीं वाडींत जाऊन मीं खरें तें सांगितलें. ती बाई रागावली नाहीं. "मग उद्याही या," एवढेंच म्हणाली. मी सहा दिवस गेलों.

आतां हौदांत गोंडाळ नांवाची तरंगती वनस्पति आहे. तीही झपाट्यानें वाढते. म्हणून बांबूची चौकट पाण्यावर सोडून तिला एका कोपऱ्यांत अडविली आहे, आणि निम्मे पाणी उघडें राखलें आहे. दर रविवारीं वाढ काढावयाची, उन्हांत पुरती वाळवावयाची व नारळाच्या आळ्यांत पुरावयाची. मृगापूर्वीं हौदाच्या सांडीवर बारीक जाळी बसवितों. रोप निवडतांना तें सुंदर आहे काय, हें मी दुसऱ्यांदा विचारतों. पहिला प्रश्न असा, कीं याची वाढ मला आवरेल काय, आणि काढलेलें मी कोठें ठेवीन?