द्विज आणि मुखत्यार

पावसाळा सरता सरता भंडारदऱ्यानजीक शेंडीला आमचा चार दिवस मुक्काम होता, आणि त्यांतल्या एका सकाळी, जलाशयावरून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून ओसरीवर बसलेल्या माझ्या सहा वर्षांच्या नातवाने, "आबा, इथं मागं काहीतरी टोचतंय," असे म्हणून जबडा उघडला. दुधाच्या दाढांच्या पलीकडे, सुजलेल्या हिरडीतून, तांदळाच्या कणीएवढे एक पांढरे टोक वर आले होते. दुधाचा दात पडला की तो कौलावर भिरकावण्याचा आपण केवढा सोहळा करतो. ही कायमची दाढ मात्र कोणाचीही जागा न घेता, वर्दी न देता येते, आणि पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजून किडू दिले जाते.

संस्कृतात दाताला द्विज म्हणतात. बटूच्या दुसऱ्या जन्मासाठी धर्मशास्त्राने आठवे वर्ष, मुहूर्त, होम, आचार्य असा सारा सरंजाम सांगितला. दाताचा दुसरा जन्म त्याच्याही आधी, मुकाट्याने होतो, आणि तिसरा त्याला नाही. कातडी सोलवटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. परंतु दातावरचे कवच, जे शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य, एकदा पोखरले गेले की पुन्हा उगवत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात वर येता येताच संपलेल्या असतात.

यावर विरक्त विचारील, की देह जीर्ण वस्त्राप्रमाणे टाकावयाचाच आहे, तर एका दाढेसाठी हा खटाटोप कशाला? मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. स्वतःच्या देहाविषयी उदासीन होण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या देहाविषयी उदासीन राहून त्यास वैराग्य म्हणणे ही निव्वळ अफरातफर होय. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाबरोबर 'अ. पा. क.' म्हणून पालनकर्त्याचे नाव लागते. तो वहिवाट पाहतो, मालक होत नाही. बाप काय किंवा आजा काय, पोराच्या दाढेचा मुखत्यारच. साठाव्या वर्षी तो याच दाढेने भाकरी चावील, तेव्हा हिशेब द्यायला मी नसेन.

आणि नित्यानित्याची गोष्ट या नदीकाठी तरी फार सोपी करून सांगता येत नाही. रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून निघणाऱ्या प्रवरेला लोक अमृतवाहिनी म्हणतात. 1926 मध्ये पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने तिचे पाणी अडविले, कालव्यांनी ते खाली नेले, त्यावर ऊस पिकला, 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आणि आता साखर कागदात गुंडाळलेली गोळी होऊन घाट चढून शेंडीच्या दुकानात परत येते. अमृताच्या उगमाशी कीड पोहोचावी, हा योग पुराणिकाला सुचला नसता. दोष साखरेचा थोडा, दिवसभर चघळण्याचा अधिक. दर गोळीगणिक तोंडातले जंतू आम्ल करतात आणि नव्या, अद्याप कच्च्या कवचाला ते सोसत नाही. याच नदीच्या काठी पुढे दायमाबाद आहे, ज्याच्या नावातच 'दायम' म्हणजे नित्य. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या मुलांचे दात संशोधकांच्या हाती लागले. मेल्यावर सहस्रके टिकणारी वस्तू जिवंतपणी दोन-तीन वर्षांत पोखरली जाते, याला काय म्हणावे?

चरकाने दंतधावन दोन वेळा सांगितले आहे. आपण सकाळचे ठेवले, रात्रीचे सोडले. शेंडीच्या ओसरीवर त्या रात्री मी ब्रश हाती घेतला, तर तो नव्या दाढेवरून नुसता घसरत होता, कारण ती शेजारच्या दाढांहून अजून ठेंगणी होती. गालाकडून आडवा धरला तेव्हा कोठे तिच्या खाचांत पोहोचला. पोर कुरकुरले. आठव्या वर्षापर्यंत हे काम मोठ्या माणसानेच करावे लागते.

आपल्या घरी सहा वर्षांचे मूल असेल, तर आज रात्री दिवा जवळ घ्या आणि त्याच्या शेवटल्या दाढेच्या मागे एकदा पाहा.