‘कसं वाटलं?’ असं कुणी विचारलं तर

सुरेश भट नवख्या कवींना टपालानं एक छोटी पुस्तिका पाठवत असत. तिचं नाव ‘गझलेची बाराखडी’. काफिया कसा जुळतो, रदीफ कुठे येतो, अलामत का सांभाळायची, वृत्त कुठे मोडतं, असा सगळा कारागिरीचा मामला. आपली पहिली गझल भटांकडे धाडणाऱ्या कितीतरी पोरांना ‘वा, छान’ एवढंच उत्तर हवं असणार. त्याऐवजी हाती अभ्यास पडायचा. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या या कवीला लोक गझलसम्राट म्हणतात. मला त्यांचं हे टपालखातं सम्राटपदापेक्षा मोठं वाटतं.

याची आठवण व्हायला कारण झाला आमच्या नात्यातला एक मुलगा. अमरावतीत इंजिनिअरिंग शिकतो, आणि गेमबॉयवर चाली बांधतो. गेमबॉय म्हणजे निन्टेंडोचा, १९८९ साली जपानात आलेला, हातात धरून खेळायचा राखाडी डबा. आपल्याकडे त्या काळात घरोघरी पोचला तो विटा रचायचा ब्रिक गेम. हा डबा फार थोड्यांनी पाहिला. याला तो अमेरिकेतल्या मावशीकडून मिळाला, तिच्या मुलानं टाकून दिलेला. त्यावर तो योहान कोटलिन्स्की नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरनं केलेलं ‘लिटल साउंड डीजे’ चालवतो. असल्या संगीताला चिपट्यून म्हणतात.

या यंत्राला आवाज चारच. दोन चौकोनी लहरींचे, एक ३२ बिंदूंच्या चिमुकल्या नमुन्यातून घडवायचा, आणि चौथा म्हणजे नुसती खरखर. ढोल हवा असेल तर तो त्या खरखरीतून काढायचा. तीन स्वर एकत्र हवे असतील तर एकाच वाहिनीवर ते इतक्या झपाट्यानं आलटूनपालटून वाजवायचे की कानाला एकत्र वाटावेत. घुमारा हवा असेल तर तीच चाल दुसऱ्या चौकोनी लहरीवर किंचित उशिरा, किंचित दबक्या आवाजात पेरायची. हे सगळं सोळा-सोळा पायऱ्यांच्या तुकड्यांत, १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर, दोन अंगठ्यांनी. दोन मिसऱ्यांत अख्खा शेर बसवणाऱ्यांना ही चिकाटी ओळखीची वाटेल.

तर याची पहिली स्वतःची चाल पुरी झाली आणि त्यानं ती घरी, मित्रांना, दिसेल त्याला ऐकवली. ‘कसं वाटलं? खरं सांगजा.’ श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला येणाऱ्या कावडींच्या ढोलांवर ज्यांचे कान तयार झाले, त्या वऱ्हाडी माणसांना या चार बारीक आवाजांचं काय कौतुक असणार म्हणा. मित्र म्हणाले, ‘एक नंबर.’ काका म्हणाले, ‘मोबाइलची जुनी रिंगटोन हाय का बाप्पा?’ गाण्याच्या क्लासचे सर म्हणाले, ‘तबला टाक, मागे बासरी घे, मग भरल्यासारखं वाटेल.’

ही तिन्ही उत्तरं वरवर फार वेगळी आहेत. मला ती एकाच घरातली वाटतात. ‘एक नंबर’ म्हणणाऱ्यानं ऐकणं टाळलं, आणि त्या टाळण्याला आपण चांगुलपणा म्हणतो. काकांनी थट्टा करून सुटका करून घेतली. सरांनी ऐकलं खरं, पण या डब्यात तबला बसतच नाही हे जाणून घ्यायची तसदी घेतली नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्यातल्या वेगळ्याच गाण्यावर मत दिलं. समोरच्याच्या गाण्याबद्दल यात कुठेच काही नाही.

कामाचं उत्तर आलं आजीकडून. ती म्हणाली, ‘मधात मले वाटलं संपलं, मंग पुन्हा सुरू झालं.’ पोरगा आधी हसला, मग गप्प झाला. चालीच्या मध्यावर त्यानं बाकीचे आवाज थांबवून नुसता खर्ज ठेवला होता, त्याच्या मते सगळ्यात देखणी जागा. स्वतः तो कायम हेडफोन लावून काम करतो. आजीनं ऐकलं डब्याच्या इवल्याशा स्पीकरवर, आणि त्या स्पीकरातून इतका खालचा आवाज जवळजवळ येतच नाही. तिच्या कानी त्या जागी खरोखरच काही वाजलं नव्हतं.

आजीला चिपट्यून हा शब्दही ठाऊक नाही. तिनं सल्ला दिला नाही, गुण दिले नाहीत. आपल्या कानांचं काय झालं तेवढं सांगितलं. आपण मत मागितलं गेलं की लगेच न्यायाधीश तरी होतो नाहीतर वैद्य. साक्षीदार व्हायला कुणी तयार नसतं. ‘मला यातलं काही कळत नाही हो’ म्हणून अंग काढून घेणाऱ्यांनाही साक्ष देता येते. कुठे मन भटकलं, कुठे पाय हलला, कुठे घड्याळाकडे पाहिलं, हे सांगायला संगीत विशारद व्हावं लागत नाही. ते फक्त ऐकणाऱ्यालाच माहीत असतं. बनवणाऱ्याला ते दुसरीकडे कुठेही मिळायचं नाही.

जाणकाराची गोष्ट निराळी. त्यानं दुरुस्ती जरूर सुचवावी, पण कशी, याचा नमुना उर्दूतल्या इस्लाहच्या रिवाजात आहे. मिर्झा गालिब दिल्लीहून आपले शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना पत्रं लिहीत, त्यांत शेरांच्या दुरुस्त्या असत. वृत्त तेच, काफिया तोच, एखादा शब्द इकडचा तिकडे. चांगल्या इस्लाहनंतर शेर शागीर्दाचाच राहिला पाहिजे. उस्तादाचा हात लागला आणि शेरच उस्तादाचा झाला, तर शिकवणं कुठे झालं? गेमबॉयच्या बाबतीत याचा अर्थ, सुधारणा सुचवायची ती त्या चार आवाजांच्या आत. ‘तुझी चाल आणि खर्ज एकमेकांच्या अंगावर येतायत, एकाला बाजूला कर’ हे बोलणं झालं. ‘व्हायोलिन घे’ हे नाही.

असं बोलणारा एक जण निघाला, अकोल्याचा, याच्याच वर्गातला. त्यानं हेडफोन लावून चाल पुन्हा पुन्हा ऐकली आणि तीन सूचना लिहून पाठवल्या. खरखरीचा ठेका एकदा तरी थांबव, घुमारा कमी कर, शेवट लवकर आण. तिन्ही त्या डब्यात करता येण्याजोग्या. आमच्या पोरानं आजीचं ऐकून खर्ज एक सप्तक वर नेला. मित्राच्या तीनपैकी एकही सूचना घेतली नाही. मित्र फुगला. ‘मंग इचारलंच कायले?’

पोराचं म्हणणं, चाल माझी आहे. ते बरोबरच. मत मागणं म्हणजे मत मान्य करण्याचा करारनामा नव्हे, आणि सूचना पाळली गेली नाही म्हणून रुसणाऱ्यानं मुळात सूचना दिली होती की हुकूम, हे स्वतःला विचारावं. पण मला पोराची बाजू पुरती पटत नाही. ठेका न थांबवण्यामागे त्याच्याकडे कारण होतं, मला त्यानं ते सांगितलंही : थांबवला की चाल विस्कटते, त्यानं करून पाहिलं होतं. ज्यानं आपला वेळ आणि कान दिले, त्याला हे कळवायला नको का? नाकारण्याआधी आपण त्याचं म्हणणं वाजवून पाहिलं, एवढं त्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं. अकोल्याच्या मित्राला तो हिशेब देणं अजून बाकी आहे.